दुसरी सुई

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘बिनाइन’ आलं की घरातले सुटकेचा श्वास टाकतात. गाठ कॅन्सरची नाही, विषय संपला. अशा वेळी डॉक्टर म्हणाले, “पुन्हा एकदा बायोप्सी करू या,” तर बाईला फसवल्यासारखं वाटतं. मग पहिला रिपोर्ट खोटा होता का?

खोटा नव्हता. पण रिपोर्ट अख्ख्या गाठीबद्दल बोलत नाही, सुईतून आलेल्या तुकड्यांबद्दल बोलतो. म्हणून तीन गोष्टी ताडून पाहतात: हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि बायोप्सी. तिन्ही जुळल्या तर सहसा दुसरी सुई लागत नाही. सोनोग्राफीत गाठ संशयास्पद आणि तुकडे मात्र निर्दोष, असं असेल तर सुई नेमक्या जागी पोचली होती का, हे पाहावंच लागतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही टेस्ट पास झाली म्हणजे तपासलं तेवढ्यात चूक सापडली नाही, इतकंच. फक्त टेस्ट पुन्हा चालवताना कोडला दुखत नाही.

नैतिक प्रश्न इथेच आहे. शंका डॉक्टरांची, किंमत बाईची. उल्हासनगरात नगावर जीन्स शिवणारीला किंवा बदलापुरात धुणीभांडी करणारीला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं तर दिवसाची कमाई बुडते. रिपोर्टची वाट पाहत काढलेल्या रात्री तर कुठल्याच बिलात येत नाहीत. त्यामुळे ‘विषाची परीक्षा कशाला, करून टाकू’ हा सल्ला दिसतो तितका निरागस नाही. त्यात आपली धास्ती आपण तिच्या अंगावर टाकतो. उलट ‘गरीब आहे, कशाला पुन्हा बोलवा’ हीही दया नव्हे. तो तिला न विचारता तिच्या जिवावर पत्करलेला धोका आहे.

काही वेळा पुन्हा टोचण्याऐवजी ठरावीक काळाने पुन्हा पाहणं पुरतं. पण त्याचाही उपयोग सगळ्यांना सारखा नसतो. टाटा रुग्णालयाने १९९८मध्ये मुंबईत सुरू केलेला अभ्यास बायोप्सीचा नव्हता, दर दोन वर्षांनी हाताने होणाऱ्या स्तनतपासणीचा होता. त्यात ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रिया होत्या. २०२१मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, सर्व वयांत मिळून मात्र घट ठामपणे सिद्ध झाली नाही.

म्हणून ‘काळजी घेतलेली बरी’ एवढं कारण पुरत नाही. दुसऱ्या सुईआधी तिला तिच्या भाषेत कळायला हवं, की नेमकं काय जुळत नाही. ते सांगता येत असेल, तर घरच्यांनी त्या दिवसाच्या कमाईची सोय करून तिला परळला न्यावं. सांगता येत नसेल, तर ही सुई कोणाच्या समाधानासाठी आहे, हे तिने जरूर विचारावं.