चेहऱ्याचं देणं

व्हित्तोरिओ द सिका यांनी 'बायसिकल थीव्हज'साठी (१९४८) नायक म्हणून नट घेतला नाही. लाम्बेर्तो माज्जोरानी नावाचा कारखान्यातला कामगार घेतला. चोरीला गेलेली सायकल शोधत, हातची नोकरी जाईल या धास्तीनं रोमभर फिरणारा बाप त्यानं असा उभा केला की जगभरच्या दिग्दर्शकांना स्टुडिओबाहेरचा रस्ता दिसला. १९५२च्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात बिमल रॉय यांनी तो सिनेमा पाहिला. पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. माज्जोरानीला मात्र कारखान्यानं कामावरून कमी केलं आणि सिनेमातही त्याचा जम बसला नाही. पडद्यावरची बेकारी त्याच्या घरी आली.

खरा चेहरा वापरला, तर त्याचं देणं कोणाकडे लागतं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'आय ॲग्री'वर बोट टेकलं की माणसाची माहिती वापरायची मुभा मिळते. मुभा मिळाली म्हणजे जबाबदारी संपली, असं आम्ही सोयीनं समजतो. सिनेमातही मेहनताना दिला की व्यवहार पुरा होतो, देणं उरतंच. मग गरिबाची भूमिका कसलेल्या नटांनीच करावी का? तसं केलं तर ते चेहरे पडद्यावरूनही हद्दपार होतील. गावातला सोमनाथ अवघडे नसता, तर 'फँड्री'तला जब्या इतका खरा वाटला नसता.

मला वाटतं, सगळ्यात मोठी थकबाकी प्रेक्षकाकडे आहे. पनवेलहून सुटलेल्या लोकलमध्ये कानात इअरफोन घालून 'बायसिकल थीव्हज' बघता येतो. शेवटी बाप-लेक गर्दीत मिसळतात तेव्हा डोळे भरून येतात. आणि त्याच वेळी टोपली घेतलेली बाई 'जरा सरका' म्हणाली, तर कपाळावर आठी पडते. रडलो म्हणजे आपण चांगले, हा हिशोब किती स्वस्तात मिटतो!

नागराज मंजुळे तो मिटू देत नाहीत. 'फँड्री'त जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतं आणि गाव बसून मजा बघतं. आपणही बघतच असतो. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे भिरकावतो. नववास्तववादानं जगाला खरे चेहरे बघायला शिकवलं. त्या चेहऱ्यांनी बघणाऱ्याला जाब विचारावा, हे त्या परंपरेतलं पुढचं पाऊल जब्यानं टाकलं. देणं कोणाचं, ते तो दगड नाव न घेता सांगतो.