धरलंय, म्हणालो होतो

गेल्या मे महिन्यात मी माझ्या भाचीशी खोटं बोललो. ते खोटं उपयोगी पडलं, आणि माझी अडचण तिथूनच सुरू झाली.

चांदवडला आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एका शाळेचं मैदान आहे. सुट्टीत तिथे सकाळी मल्लखांबाचा वर्ग भरतो. समोर सातमाळ्याचे डोंगर, आणि मागून राहुड घाटाकडे निघालेल्या ट्रकांचा आवाज. शाळेत असताना मीही इथे पाच वर्षं मल्लखांब केला. पुढे इंजिनिअरिंग, मग पुण्यातली नोकरी. गेल्या वर्षी मे महिनाभर घरून काम करायला परवानगी मिळाली, म्हणून गावी आलो होतो. सर म्हणाले, "आलाच आहेस तर खाली उभा राहत जा." खाली उभं राहणं म्हणजे वर चढलेल्या मुलाला आधार द्यायला तयार असणं.

भाची ९ वर्षांची. चढणं, सलामी, साधी पकड हे सगळं तिला येत होतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. डोकं खाली, पाय वर, मांड्यांच्या पकडीत खांब, आणि मग दोन्ही हात सोडून बाजूला पसरायचे. मुलं त्याला नुसतं 'हात सोडणं' म्हणतात. मार्चमध्ये एकदा ती यात घसरली होती. खाली गादी होती, लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून हात खांबावरून निघेनात. खांब साडेआठ फुटांचा, त्यावर एरंडेल, त्यात मे महिन्याचा घाम. उलटं लटकलेल्या मुलाला या सगळ्याचा हिशेब आपल्यापेक्षा चांगला कळत असतो.

सर नवख्या मुलांच्या कमरेला जुना पंचा बांधतात, आणि खाली उभ्या असलेल्याने त्याची गाठ धरायची. त्या दिवशी वर चढण्याआधी तिने विचारलं, "मामा, सोडणार नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही." ती उलटी झाली. मी म्हटलं, "धरलंय. सोड हात." तिने डोळे मिटून हात सोडले. मी "धरलंय, धरलंय" म्हणत गाठ सोडून दिली. तीन सेकंद, चार, पाच. सरांनी टाळी वाजवली, मुलांनीही वाजवल्या. तिने डोळे उघडले तेव्हा तिला उलटे दिसले ते माझे दोन्ही मोकळे हात.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, "तू धरलंच नव्हतंस."

"पण तुला जमलं की!"

"मी विचारलं होतं तुला."

त्यानंतर चार दिवस तिने मला खाली उभं राहू दिलं नाही. आणि हात सोडायचं तर तिने नावच काढलं नाही.

माझ्या बाजूने बोलणारे पुष्कळ निघाले. बहीण म्हणाली, आपल्याला बाबांनी सायकल अशीच शिकवली होती. सीट धरलीय म्हणत पळायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. सर म्हणाले, "भीती अशीच मोडते. विचारत बसलास तर दहावीपर्यंत ती इथेच लटकलेली राहील." माझा रोजचा धंदाही याच बाजूचा आहे. प्रोग्रॅम चालला की विषय संपला. तो कसा चालला ते सहसा कुणी विचारत नाही. ती पडली नाही, तिला करता येतं हे सिद्ध झालं, मग बिघडलं काय?

बराच विचार केल्यावर मला बिघडलेलं दिसलं ते असं. हात सोडायचे की नाही, हे ती स्वतः ठरवत होती. त्या ठरवण्यात गाठ धरलेली आहे ही एक वस्तुस्थिती होती, आणि ती वस्तुस्थिती मी तिला न सांगता बदलली. त्यामुळे त्या पाच सेकंदांत तिच्या अंगाने जे केलं, ते करायचं तिने ठरवलेलंच नव्हतं. ठरवलं मी होतं. कौशल्य तिचं होतं, निर्णय माझा होता. ॲरिस्टॉटल धैर्याला भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मध्ये ठेवतो. कशाची, किती आणि केव्हा भीती बाळगायची हे धैर्यवान माणसाला कळतं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे धोका माहीत असणं ही धैर्याची पहिली अट. धोका लपवून करवून घेतलेल्या गोष्टीत धैर्याला जागाच उरत नाही. मी तिला भीतीच्या पलीकडे नेलं असं मला वाटत होतं. खरं तर धीट होण्याची तिची एक संधी मी वापरून टाकली होती.

सायकलचं उदाहरण मला तितकं लागू वाटत नाही. बाप कधीतरी सीट सोडणार हे मुलाला आधीपासून अर्धंमुर्धं माहीत असतं. तो त्या खेळाचाच भाग असतो. भाचीने मात्र मला सरळ प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं होतं.

दुसरी गोष्ट, भीती खोटी आहे हे मी कशावरून ठरवलं? येलेना मुखिना ही सोव्हिएत जिम्नॅस्ट १९७८ची जगज्जेती. १९७९मध्ये तिचा पाय मोडला. तो पुरता भरून येण्याआधीच तिला 'थॉमस साल्टो' या अवघड कोलांटीच्या सरावाला लावलं गेलं. या कोलांटीत आपली मान मोडेल असं आपण प्रशिक्षकाला सांगत होतो आणि त्याने ते मनावर घेतलं नाही, असं तिने पुढे सांगितलं. ३ जुलै १९८०ला, मॉस्को ऑलिंपिक दोन आठवड्यांवर असताना, मिन्स्कमध्ये नेमकं तेच झालं. २० वर्षांची मुखिना त्यानंतर कधी चालली नाही. २००६मध्ये ती गेली.

याच्या उलट सिमोन बाइल्स. टोकियोत २७ जुलै २०२१ला व्हॉल्टवर हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या. तिच्या दीडच झाल्या. आपण हवेत नेमके कुठे आहोत हे कळेनासं झालंय, हे ओळखून ती सांघिक स्पर्धेतून बाहेर पडली. तिच्यावर टीका खूप झाली. आठवडाभराने बीमवर तिने शेवटच्या उडीतली गिरकी काढून टाकली, सोपी उडी घेतली आणि कांस्यपदक मिळवलं. तिच्या भीतीत माहिती होती, आणि ती तिने वापरली.

भाचीची भीती मुखिनासारखी नव्हती हे मलाही कळतं. खाली गादी होती आणि पकड पक्की होती. पण हे मला खालून दिसत होतं. तिला वरून काय दिसतं ते मी विचारलंच नव्हतं. चार दिवसांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की पडण्याची तिला एवढी भीती नाही. उजवी मांडी सरकायला लागली की तिला ते उशिरा कळतं. ही तक्रार तांत्रिक होती. पायाची जागा थोडी बदलली आणि ती बरीचशी मिटली. मी जिला भित्रेपणा समजत होतो, ते तिचं निरीक्षण होतं.

मल्लखांबाचं पुनरुज्जीवन केलं ते दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. त्यांची कथा आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असते. अली आणि गुलाब या दोन पैलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. बाळंभटांनी ते स्वीकारलं, पण तयारीला मुदत मागून घेतली, आणि ते वणीच्या सप्तशृंगीला गेले. ही सप्तशृंगी याच डोंगररांगेत, आमच्या पश्चिमेला. देवीच्या कृपेने मारुतीने त्यांना खांबावरचे डाव शिकवले, असं सांगतात. लहानपणी मला त्यातला मारुती आवडायचा. आता मुदत मागणं जास्त आवडतं. अजून आपली तयारी नाही, हे त्यांनी भर दरबारात कबूल केलं होतं.

मराठीत भीती 'बसते' आणि धीर 'देतात'. अभयही देतात. कुणाच्या नकळत त्याच्या खिशात पैसे टाकता येतील, पण नकळत धीर कसा देणार? घेणाऱ्याने तो हात पुढे करून घ्यावा लागतो.

पाचव्या दिवशी आम्ही करार केला, आणि अटी तिच्या होत्या. आधी गाठ पूर्ण मुठीत, मग दोन बोटांत, मग एका बोटात. पुढची पायरी ती सांगेल तेव्हाच. "थांब" म्हणाली की थांबायचं, कारण विचारायचं नाही. सर हसले, पण त्यांनी अडवलं नाही. त्यांची बाजू मी खोडून काढू शकलेलो नाही. त्यांच्याकडे चाळीस मुलं आणि दोन खांब आहेत. प्रत्येकाशी असा करार करायचा तर सकाळ पुरणार नाही. शिवाय भीती मनात घेऊन मैदान सोडून गेलेल्या मुलांची आठवण त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. खरं बोलणं महाग पडतं, आणि ती किंमत कधीकधी मूलच मोजतं. ते मूल कदाचित कधीच हात सोडणार नाही. हे मान्य करूनच मला माझं म्हणणं मांडावं लागतं. न सोडलेले हात त्या मुलाचे असतात. फसवून सोडवलेले हात त्याचे नसतात.

मी पुण्याला निघालो त्या सकाळी ती एका बोटावर होती. उलटं लटकून, या वेळी डोळे उघडे ठेवून, तिने माझ्या बोटाकडे पाहिलं.

"धरलंय?"

"एका बोटाने."

"बरं," म्हणाली, आणि हात सोडले.