ध्रुवपदाचे उत्तरदायित्व

राजकीय आशयाचे गाणे ऐकून श्रोत्यांनी जे केले, त्याचे नैतिक उत्तरदायित्व गाणाऱ्यावर येते काय, आणि येत असल्यास कोणत्या अर्थाने, हा प्रश्न आपल्या समीक्षेत सरळपणे क्वचितच विचारला जातो. शाहिरी आणि जनगीते यांविषयी आपण लिहितो ते बहुधा त्यांच्या परिणामकारकतेविषयी. गाण्याने लोक जागे झाले, पेटून उठले, हे वाक्य आपण गौरवाचे म्हणून लिहितो. परंतु ज्या अर्थी परिणामाचे श्रेय गाण्याला दिले जाते, त्या अर्थी परिणामाचा जाबही गाण्याला विचारता आला पाहिजे. प्रस्तुत लेखात या जाबाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न आहे.

त्यासाठी वऱ्हाडातलेच उदाहरण घेणे सोयीचे होईल. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मेडशीसारख्या गावांना खंजिरीच्या भजनाची ओळख करून द्यावी लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज स्वतः पदे रचीत, स्वतः गात आणि हाताशी एक खंजिरी ठेवीत. रंगमंच नाही, साजसरंजाम नाही. गाणारा आणि ऐकणारे एकाच जमिनीवर. भाषा कधी मराठी, कधी हिंदी. विषय देवाचा असे, तसाच परकीय सत्तेचाही असे. त्या काळच्या त्यांच्या एका प्रसिद्ध भजनात झाडे आणि दगड यांना शस्त्रांचे रूप देणारी प्रतिमा आहे, आणि चिमूरच्या संदर्भात तिचा उल्लेख आजही होतो.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे मिरवणूक निघाली. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मरण पावला. संतप्त जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. ते अधिकारीही याच देशातले होते. त्यानंतर आलेल्या फौजेने गावातील स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. महाराजांना ऑगस्टअखेर अटक झाली आणि डिसेंबरपर्यंत ते नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भजनांनी लोक चेतले, असे सरकारला वाटत होते. भजनांनी लोक चेतले, असेच पुढे गौरवाने लिहिले गेले. एकाच्या लेखी तो आरोप, दुसऱ्याच्या लेखी स्तुती. परंतु दोहोंमागचे गृहीतक एकच. गाणे हे कारण आणि लोकांची कृती हा त्याचा परिणाम. काडी आणि गंजी यांच्या नात्यासारखे हे नाते कल्पिले आहे. या कल्पनेत श्रोता कोठे आहे? तो विचार करीत नाही, निवड करीत नाही, केवळ पेट घेतो. ज्या जनतेच्या नावाने हे गाणे गायिले जाते तिचे कर्तेपणच या गौरवात नाहीसे होते.

याच्या उलट टोकाला कलेच्या स्वायत्ततेचा पक्ष आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे कलाविचाराचे दोन ध्रुव मांडले. त्यांतील दुसऱ्या ध्रुवाजवळ उभे राहिले तर गाण्याचे जग स्वयंपूर्ण ठरते आणि प्रतिमेतला दगड प्रत्यक्षातल्या दगडाला जबाबदार राहत नाही. पण हा बचाव गायकाला स्वीकारता येणार नाही. सत्तेला उद्देशून गाणाऱ्याने, आपला शब्द सभेबाहेर पडणार नव्हता, असे म्हणणे म्हणजे गाण्याचा हेतूच नाकारणे होय. दोष नको असेल तर श्रेयही सोडावे लागते.

मग मार्ग कोणता? माझ्या मते तो गाण्याच्या रचनेतच सापडतो. खंजिरीच्या भजनात कडवे एकटा गातो आणि ध्रुवपद सर्वजण उचलतात. ही केवळ संगीताची सोय नव्हे. कडव्यात गायक काहीतरी मांडतो. ध्रुवपद उचलणारा ते आपल्या तोंडाने म्हणतो, म्हणजे त्याला अनुमती देतो. ज्याने ध्रुवपद उचलले तो त्या विधानाचा सहवक्ता झाला. म्हणून श्रोत्याच्या कृतीची जबाबदारी गायकावर ढकलता येत नाही. परंतु गायकही तिच्यातून सुटत नाही. त्याचे स्थान कारणाचे नसून जामिनाचे आहे. जामीन राहणारा कर्ज घेत नाही. पण तो आपल्या शब्दावर दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, आणि वेळ आली की त्याला हजर राहावे लागते.

येथे असा आक्षेप संभवतो की, जामीनकीची ही कल्पना गायकाला फार स्वस्तात सोडते. तुरुंगवास भोगला की हिशेब मिटला काय? तसे मला वाटत नाही. हजर राहणे म्हणजे केवळ शिक्षा सोसणे नव्हे, तर आपला शब्द पुन्हा तपासणे. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ या दृष्टीने वाचता येते. तिचा रोख गावाने स्वतःला कसे घडवावे याकडे आहे. शत्रूला उद्देशून गाणारा कवी शेजाऱ्याला उद्देशून लिहू लागतो. कवीच्या मनात चिमूर होते असा दावा येथे नाही. एवढेच, की तोच आवाज त्याच लोकांपुढे वेगळे दायित्व घेऊन उभा राहिला.

जामीनकी मात्र एकतर्फी नसते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर चार दिवसांनी, वस्त्यावस्त्यांतून गाणारे कवी-गायक विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या चित्रपटाचा प्रारंभ त्या मृत्यूपासून होतो. अशा मृत्यूचे एकच कारण सांगू जाणे अनुचित ठरेल. परंतु उत्तरदायित्व केवळ गायकाकडून श्रोत्याकडे जाते असे मानणाऱ्या विचाराला या घटनेविषयी काहीच बोलता येत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे ध्रुवपद उचलले त्यांचे, ज्या चळवळींनी त्याचा आवाज वापरला त्यांचे, गायकाशी काही देणे उरते की नाही? सहवक्ता होणे म्हणजे गाणाऱ्याला एकटे न सोडणे, हेही त्यात अंतर्भूत आहे.

यावरून समीक्षेला एक निकष मिळतो असे वाटते. राजकीय गाण्याचे मोल त्याने किती लोक उठवले यावर ठरू नये, आणि छापील संहितेच्या घाटावरही ठरू नये. ध्रुवपद उचलण्यापूर्वी नकार देण्याची जागा ते श्रोत्याला देते काय, आणि ज्याच्याविरुद्ध ते गायिले जाते त्याचे माणूसपण त्यात उरते काय, हे पाहावे. या निकषावर १९४२ च्या त्या भजनाचा निवाडा संमिश्र राहील. भ्यायलेल्या लोकांना त्याने आपल्याच अंगणातल्या वस्तूंत बळ दाखवले, हे त्याचे मोठेपण. पण झाडादगडांच्या त्या सैन्यासमोर जो उभा होता त्याला चेहरा नव्हता, आणि चिमूरला मारले गेलेल्यांना तो होता. हे सांगितल्याने महाराजांची थोरवी कमी होत नाही. आज तीच खंजिरी सायंप्रार्थनेत वाजते, तशी प्रचाराच्या सभेतही वाजू शकते. आणि दोन्ही ठिकाणी ध्रुवपद उचलावे की नाही, हे समोर बसलेल्यानेच ठरवायचे असते.