रुळात वीज होतीच

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६१.

भगवंत सर्वांच्या हृदयात राहून यंत्रावर बसवल्यासारखं सगळ्यांना फिरवतो, असं इथे सांगितलं आहे. मग माझ्या हाती उरलं काय? हा प्रश्न बरेच दिवस छळत होता.

लहानपणी आम्ही मिरजेहून पंढरपूरला अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीने जायचो. आता तिथे मोठे रूळ आले. तिची आठवण म्हणून साताऱ्याच्या दादाने आणि मी सांगलीच्या घरी माळ्यावर फळीवर रूळ ठोकून खेळण्यातली गाडी मांडली होती. पुढे वाटणीवरून बिनसलं. ३ वर्षं बोलणं बंद, गाडीही झाकलेली.

परवा नातवाने हट्ट धरला. बटण फिरवलं, पण गाडी हलेना. इंजिनच बिघडलं म्हणून वैतागलो. मीटर लावला तर रुळात १२ व्होल्ट ठणठणीत! वीज चाकांमधूनच मोटारीला पोचते, आणि चाकांवर काळा मळ बसलेला. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, तशी गाडी निघाली.

काय सांगू, माझा हात तिथेच थांबला. फिरवणारा तो, मळ पुसायचं काम मात्र माझं. पुढच्याच श्लोकात तो शरण ये म्हणतो. "आधी दादाने बोलावं" हा हेका धरून शरण कसं जाणार?

हे लिहून झालं की साताऱ्याला फोन लावतो. तुमच्याही चाकावर असा मळ असेल, तर आजच पुसा.

पांडुरंग हरी.