उसवलेले बिल्ले

पुण्याच्या जुन्या बाजारांत, गंजलेलीं कुलपें आणि तुटके चष्मे यांच्या मधोमध, मला एकदां एक कापडी बिल्ला मिळाला. काळ्या चौकोनावर लाल गरुड. विक्रेत्यास तो कोणा शाळेच्या गणवेषावरचा वाटत होता, व किंमतही त्यानें तशीच सांगितली. ती मीं निमूटपणें दिली आणि लगबगीनें घरीं आलों. दुसऱ्याच्या अज्ञानावर मिळविलेली वस्तु म्हणजे अर्धी चोरीच होय, हें मला तेव्हांही कळत होतें. परंतु संग्राहक बाजारांत जातो तेव्हां आपली सदसद्विवेकबुद्धि बहुधा घरींच ठेवून जातो.

तो बिल्ला हिंदी सैन्याच्या चौथ्या डिव्हिजनचा होता. १९४० च्या डिसेंबरांत इजिप्तच्या वाळवंटांत, १९४१ सालीं इरिट्रियांतील केरेनच्या डोंगरांत, आणि १९४४ सालीं इटलींतील कॅसिनोच्या उतारांवर जे लोक लढले, त्यांच्या बाहीवर हा गरुड होता. उलटून पाहिला तों कडेनें सुईचीं छिद्रें, आणि दोनतीन छिद्रांत खाकी दोऱ्याचीं टोकें अडकून राहिलेलीं. कोणीं तो ओढून फाडला नव्हता; एकेक टांका सावकाश उसवला होता. पलटणींतून सुटल्यावर त्या सैनिकानें स्वतः? कीं सदरा पोरासाठीं लहान करावयास घेतला तेव्हां त्याच्या बायकोनें? तोंपर्यंत माझा छंद मला पोस्टाचीं तिकिटें जमविण्याइतका निरुपद्रवी वाटत होता. त्या दोऱ्यांनीं तें समाधान हिरावून घेतलें.

असल्या बिल्ल्यांचा इतिहास तसा गमतीचा आहे. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यांत त्यांचा प्रघात पडला. १९१८ सालीं अमेरिकेची ८१ वी डिव्हिजन बाहीवर रानमांजर लावून फ्रान्सांत उतरली, तेव्हां इतरांनीं तक्रार केली. सेनापति पर्शिंग यांनीं मांजर उतरवावयास लावण्याऐवजीं इतर डिव्हिजनांनाही आपापलीं चिन्हें करावयास सांगितलें. ब्रह्मदेशांत लढलेल्या चौदाव्या आर्मीच्या ढालीवर सेनापति स्लिम यांनीं तरवारीचें टोंक खालीं वळविलें. चिन्हशास्त्राच्या रूढीला तें मान्य नव्हतें, पण ब्रह्मदेश उत्तरेकडून खालीं उतरूनच परत घ्यावा लागणार होता. या सर्वांत एक बारीकशी विसंगति आहे. स्वकीयांस ओळख पटावी, आणि शत्रूला मात्र तुकडीचा क्रमांक कळूं नये, म्हणून आंकड्यांऐवजीं हीं चित्रें आलीं. जें अर्धें झांकण्यासाठींच निर्माण झालें, त्याच्याखालीं आम्ही संग्राहक नांव, साल, क्रमांक लिहून तें कांचेखालीं मांडतों!

आतां जतन करणें म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे, कारण नीतीचा प्रश्न तेथूनच निघतो. आरंभीं मीं बिल्ले वहींत डिंकानें चिकटविले. तें पाप पिवळ्या डागांच्या रूपानें आजही दिसतें. पुढें पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांचा मोह पडला. तीं कांहीं वर्षांत चिकट होऊन भरतकामास लागलीं. हल्लीं मी आम्लरहित पुठ्ठ्यावर धुतलेलें सुती कापड ताणतों, आणि बिल्ला कडेच्या जुन्याच छिद्रांतून दोन सैल टांक्यांनीं त्यावर अडकवितों, म्हणजे नवें छिद्र पडत नाहीं. लोकरीला कसर लागते. डांबरगोळ्यांचा उग्र वास घरच्या माणसांनाच आधीं बाधतो. त्यापेक्षां नवा आलेला बिल्ला पिशवींत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्यें ठेवावा, हें बरें. (घरांतून यासही विरोध झाला, वाटाण्यांशेजारीं कोणा मृत सैनिकाचा बिल्ला असावा हें कोणत्याही गृहिणीस रुचणार नाहीं.) धुण्याचें तर नांवच नको. जुना लाल रंग पाण्यांत फुटण्याची भीति असते. आणि शिवाय जो मळ आपण काढावयास निघालों, तो कोणाचा? धुतलेला बिल्ला स्वच्छ होईल, पण मग तो वापरणाराचा न राहतां केवळ भरतकाम करणाराचा राहील.

परंतु खरा शत्रु प्रकाश होय. उडालेला रंग परत येत नाहीं. म्हणून संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर सुमारे ५० लक्स एवढाच, म्हणजे संधिप्रकाशासारखा उजेड ठेवण्याची पद्धत आहे. तात्पर्य, दाखविणें हेंच झिजविणें. दहा जणांना दाखविलेला बिल्ला तेवढ्यानें फिका होतो. कोणालाच न दाखविलेला जसाच्या तसा राहतो, पण असून नसल्यासारखा होतो. मीं खणावर काळा पडदा लावला आहे. कोणीं विचारलें तरच तो सरकवितों.

माझे एक स्नेही संस्कृतचे अध्यापक होते. त्यांचें म्हणणें असें कीं, "ज्यानें रक्त सांडलें त्याचा हा मान, तुम्हीं तो पैशानें घेतलात. मोराचीं पिसें लावणाऱ्या कावळ्याची गोष्ट आपण विसरलांत काय?" मीं उत्तर दिलें कीं, कावळ्यानें पिसें अंगाला लावलीं, मी तीं पेटींत ठेवतों. अमेरिकेंत पदकें मिळाल्याची खोटी बढाई मारणारांविरुद्ध २००६ सालीं कायदा झाला. २०१२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला, व २०१३ सालीं लाभासाठीं केलेल्या लबाडीपुरता नवा आला. माझा तर कसलाच दावा नाहीं! स्नेही हंसले आणि म्हणाले, "कायद्यांतून सुटलांत."

तें हंसणें माझ्या मनांत राहिलें. शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतील सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असल्या पदकावर मिळविणाराचें नांव कोरलेलें असतें. तें कोठेंही गेलें तरी कोणाचें आहे तें स्वतःच सांगतें. बिल्ल्यावर नांव नसतें. तो हजारोंचा असतो, म्हणून कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच गोणपाटावर येतो. त्याच्या बाबतींत मीं खोटा दावा केला नाहीं हें खरें. पण मांडणीनें खोटें बोलतां येतें, याची जाणीव मला दुसऱ्या एका बिल्ल्यानें करून दिली.

केशरी, पांढरा व हिरवा अशा तीन पट्ट्यांवर झेंप घेणारा वाघ, आणि वर जर्मन भाषेंत 'स्वतंत्र हिंद' अशीं अक्षरें. सुभाषबाबूंनीं जर्मनींत उभारलेल्या आझाद हिंद लीजनचें हें चिन्ह. तिच्यांत मुख्यतः उत्तर आफ्रिकेंत कैद झालेले हिंदी सैनिक होते. शपथ हिटलर व सुभाषबाबू या दोघांच्या नांवानें घ्यावयाची. १९४३ च्या फेब्रुवारींत सुभाषबाबू पाणबुडींतून पूर्वेकडे निघाले; लीजन मागें राहिली, आणि १९४४ च्या ऑगस्टांत ती वाफेन एसएसच्या ताब्यांत गेली. या बिल्ल्याच्या नकला पुष्कळ आहेत. युद्धानंतरचा दोरा अतिनील दिव्याखालीं बहुधा चमकतो. माझा चमकला नाहीं, पण तेवढ्यानें तो खरा ठरत नाहीं.

हा वाघ ठेवावा कोठें? प्रथम मीं त्यास जर्मन खणांत टाकलें. पण तिरंगा त्या सोबतींत पाहवेना. मग सर्व प्राणी एकत्र केले, वाघ, गरुड, सतराव्या डिव्हिजनचें काळें मांजर. खण मोठा शोभिवंत दिसूं लागला आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण माणसें मेलीं तेथें मीं प्राणिसंग्रह उभा केला होता. शेवटीं गरुड आणि वाघ यांस मीं शेजारीं ठेवलें. एकाच गांवचे, कदाचित् एकाच घरचे दोन भाऊ हे दोन बिल्ले लावून असूं शकले असते. एवढेंच नव्हे, तर आधीं गरुड आणि मग वाघ एकाच दंडावर येणें अशक्य नव्हतें.

मागें एकदां सातारा जिल्ह्यांतील पंचाहत्तरी उलटलेले एक निवृत्त शिक्षक संग्रह पाहावयास आले. मीं पडदा सरकविला. ते त्या दोहोंपाशीं थांबले, आणि बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आमचे तात्या आफ्रिकेंत पकडले गेले होते. शेहेचाळीस सालीं परत आले. मी त्यानंतरचा." कैदेंतील वर्षांविषयीं विचारलें कीं तात्या उठून गोठ्यांत जात. पेन्शन नव्हती, पण युद्धापुरते भरती झालेल्या पुष्कळांनाही ती नव्हती, त्यावरून कांहीं ठरत नाहीं. ट्रंकेंत कांहींच सांपडलें नाहीं. "आईनें चुलींत घातलें असेल," ते म्हणाले, "किंवा तात्यांनींच."

मला एकाएकीं वाटलें कीं या माणसाचा हक्क माझ्याहून मोठा आहे. मी म्हणालों, "आपण घेऊन जावा. मी आनंदानें देतों."

त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि विचारलें, "कोणता?"

मला उत्तर सुचेना. त्यांनींही आग्रह धरला नाहीं. आम्ही चहा घेतला. तात्यांच्या बैलांविषयीं, गांवच्या विहिरीविषयीं ते बोलत राहिले, आणि बोलतां बोलतां अधूनमधून त्या खणाकडे पाहत होते. तासभर पडदा उघडा होता, खिडकींतलें ऊन सरकत कांचेवर आलें होतें, आणि तो ओढून घ्यावयास मी उठलों नाहीं.