बाकावरची जागा

नगरहून पाथर्डीकडं निघालं, की करंजीचा घाट ओलांडून आमचं तिसगाव लागतं. गावाला जुन्या वेशी आहेत. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते चालायला लागल्याबरोबर पायांना कळतं. आमचं घर आत, मराठ्याचं. माझ्या मित्राचं पाल बाहेर, ओढ्याच्या अंगाला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढं कळेल.

त्याचे वडील कैकाडी. निरगुडीच्या फोकांच्या टोपल्या, डालगी, कणग्या विणायचे. आमच्या घरातली बाजरी त्यांच्याच कणगीत असायची. कणगी उंबऱ्याच्या आत, विणणारा उंबऱ्याच्या बाहेर. हे तेव्हा विचित्र वाटलं नाही. आज वाटतं.

आम्ही दोघं आठवीत एका बाकावर बसायचो. तिसरा बाक, खिडकीकडचा. खिडकीकडची जागा त्याची, कारण त्याला बाहेर बघायला लागायचं. गणितात तो माझ्या पुढं. मी त्याचं बघून गणितं लिहायचो, तो माझ्या डब्यातली भाकरी खायचा. सौदा बरोबरीचा होता.

होळीपासून पाडव्यापर्यंत जवळच मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. भटक्यांची पंढरी म्हणतात मढीला. कैकाडी, गोपाळ, वडार, वैदू, कोल्हाटी, कुठून कुठून लोक येतात. रंगपंचमीचा गाढवांचा बाजार तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दिवसांत माझा मित्र अंगानं दुप्पट व्हायचा. मढीत तो मला हाताला धरून हिंडवायचा. हा माझा चुलता, हा मावसा, हे आमचं देवस्थान. तिथं पाहुणा मी असायचो. यात्रेत तंबूचं टॉकीज लागायचं. आम्ही पुढं मातीत बसून सिनेमा बघायचो आणि परत येताना रस्ताभर तोच हिरो व्हायचा. त्याला हिरोचं चालणं फार चांगलं जमायचं.

आता ती गोष्ट. साल १९८७. शिष्यवृत्तीचे अर्ज आले होते. मास्तर वर्गात म्हणाले, मागास जातीच्या पोरांनी उभं राहा. चार-पाच पोरं उठली. माझा मित्र उठला नाही. मास्तरांनी यादी बघितली, चष्मा वर केला आणि विचारलं, "कैकाड्याचं कोण आहे रं वर्गात?"

कुणी बोललं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, याचं ध्यान नाही, याची शिष्यवृत्ती बुडणार. मी बोट केलं आणि म्हणालो, "हा, मास्तर."

मागच्या बाकावर एक जण हसला. मग वर्ग हसला. तो उठला. मास्तरांनी नाव लिहून घेतलं. पैसेही पुढं मिळाले. म्हणजे हिशेबानं बघितलं तर मी त्याचं भलंच केलं होतं.

पण त्या वर्षी यात्रेला त्यानं मला नेलं नाही. दहावीच्या आधीच त्याचं बिऱ्हाड हललं. कुठं, ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

ही गोष्ट मी सत्तावीस वर्षं विसरून होतो. विसरलो होतो म्हणण्यापेक्षा, कणगीच्या तळाला राहते तशी ती राहिली होती. वरचं धान्य संपल्याशिवाय तळ दिसत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. गोष्टीतलं गाव अकोळनेर, नगरजवळचं. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. हा शब्द मला सिनेमाआधी माहीत होता, मित्राच्या आईच्या तोंडून ऐकलेला. नगरच्या थेटरात तो पडद्यावर आला आणि मी खुर्चीत सावरून बसलो.

जब्या शाळेत जातो, शालूवर त्याचा जीव आहे. काळी चिमणी मारून तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल, असं त्याला सांगितलं गेलंय. मग तो आणि त्याचा दोस्त पिऱ्या रान तुडवत चिमणी शोधतात. पिऱ्या कधी विचारत नाही, की तुला ती कशी मिळेल, तुमची जात कुठली, तिची कुठली. तो फक्त सोबत हिंडतो. मी पहिला अर्धा सिनेमा मोठ्या समाधानानं बघितला. मनात म्हणत होतो, हा पिऱ्या म्हणजे मी.

मग डुकरं धरायचा प्रसंग आला. बाप ओरडतोय, जब्या लपतोय, कारण समोर शाळेतली पोरं आहेत, शालू आहे. लपणाऱ्याला ओढून बाहेर काढलं जातं आणि जमलेली पोरं हसतात. तेव्हा माझं बोट मला दिसलं. मी पिऱ्या नव्हतो. पिऱ्यानं कुणाला कधी बोट करून दाखवलं नाही.

शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो आपल्याच अंगावर येतो. लोक टाळ्या वाजवत बाहेर पडले. मला ते पटलं नाही. थेटरातला दगड लागत नाही. तो लागला असं म्हणणं सोपं असतं. तिकीट काढून पश्चात्ताप घेता येतो, आणि घरी जाऊन जेवताही येतं.

तेव्हापासून मी मुलांच्या वाढत्या वयाचे मराठी सिनेमे शोधून शोधून बघितले. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा', आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग. उमेश कुलकर्णींचा 'विहीर', त्यात समीर आणि नचिकेत. नचिकेतला सगळं सोडून कुठंतरी जायचंय, तो विहिरीत जातो आणि समीर त्याला शोधत राहतो. अविनाश अरुणचा 'किल्ला', वडील गेलेला आणि आईच्या बदलीमुळं कोकणात आलेला चिन्मय. सगळे चांगले सिनेमे. या सगळ्यांत पोरगं एकच प्रश्न विचारतं, मी कोण? आणि तो मित्राच्या संगतीनं विचारतं, कारण त्या वयात आरसा घरात नसतो, मित्राच्या तोंडात असतो.

पण एक फरक माझ्या हळूहळू ध्यानात आला. समीरला हा प्रश्न विचारायला अख्खी विहीर मोकळी आहे. चिन्मयला समुद्र आहे. त्यांचं उत्तर कुणी आधी लिहून ठेवलेलं नाही. जब्यानं प्रश्न विचारायच्या आतच गावानं उत्तर दिलेलं असतं, आणि ते एका शब्दाचं असतं.

माझ्या मित्राच्या आज्याच्या तोंडी 'हजेरी' हा शब्द यायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारा शाळेत गेला असेल. पुढं वाचल्यावर कळलं, की १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी ज्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांत कैकाडीही होते. जन्मलात म्हणजे गुन्हेगार, आणि मग पोलिसांकडं हजेरी. तो शिक्का १९५२ साली ३१ ऑगस्टला कागदावरून पुसला. आज्या हजेरीला उभा राहायचा, नातू वर्गात उभा राहिला. दोघांनाही कुणीतरी दुसऱ्यानं ओळखून दाखवलं.

मग प्रश्न असा, की माणसाला स्वतःविषयी गप्प बसायचा हक्क आहे का? आणि असला, तर ते गप्प बसणं मोडायचा हक्क मित्राला आहे का, मोडण्यात त्याचं भलं असलं तरी?

यावर एक जण मला म्हणाला, लपवण्यात काय भूषण आहे? जात लपवून जात जात नाही. लक्ष्मण माने यांनी १९८० साली 'उपरा' लिहिलं, कैकाड्याचं जगणं उघडं मांडलं, साहित्य अकादमी मिळाली. त्यांनी लपवलं का? बरोबर आहे. पण मानेंनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, स्वतः ठरवलेल्या वेळी, स्वतःच्या शब्दांत. तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ बदलतो. 'मी कैकाडी आहे' हे सांगणं वेगळं, आणि 'हा कैकाडी आहे' हे वेगळं. पहिल्यात माणूस उभा राहतो, दुसऱ्यात त्याला उभं केलं जातं.

आणि हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. 'फँड्री' आला त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या दलित पोराचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढ्या संशयावरून तो झाला असा आरोप होता. खटला चालला आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. सिनेमा संपतो तिथं दिवे लागतात. गावात दिवे लागत नाहीत.

खर्ड्याची बातमी आली त्या आठवड्यात मी मित्राला शोधायचं ठरवलं. मढीच्या यात्रेत त्याच्या चुलत्याची ओळख लागली आणि वर्षभरानं गाठ पडली. तो आता पुण्याच्या बाजूला सेंट्रिंगची कामं घेतो. चार माणसं हाताखाली आहेत. आम्ही चहा घेतला. बायकापोरांची विचारपूस झाली. मग मी सगळं बोलून टाकलं. अर्ज, मास्तर, माझं बोट, वर्गाचं हसणं. म्हणालो, "माझं चुकलं. तुला इचारायला पायजे होतं."

तो बराच वेळ कपाची कड पुसत होता. म्हणाला, "बोटाचं काय घिऊन बसलास? तू नसतं सांगितलं तर मास्तरानं सांगितलं असतं. यादीत व्हतंच की."

"मग तू बोलायचा का थांबलास?"

"मी थांबलो? आरं, दुसऱ्या दिवशी तू पुढच्या बाकावर जाऊन बसला. आठ दिवस आला न्हाईस. मला वाटलं, समद्यांना कळलं म्हून आता ह्यो बी उठला."

मला ते आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. मग हळूहळू आठवलं. मला लाज वाटत होती. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं म्हणून मी पुढं जाऊन बसलो होतो. माझी ती लाज होती. त्याच्या बाजूनं ती वेशी होती.

सत्तावीस वर्षं मी ज्याला माझा गुन्हा समजत होतो, तो त्यानं कधी मोजलाच नव्हता. आणि ज्यानं त्याला तोडलं, ते मी हिशेबातच धरलं नव्हतं. माझ्या पश्चात्तापातसुद्धा मीच मधोमध उभा होतो. तो तिथंही कडेला.

मी विचारलं, "फँड्री बघितलास?"

"पोरीनं मोबाइलवर लावला व्हता. डुकरं धरत्यात तिथवर बघितला. मग बंद केला."

"शेवट नाही बघितला?"

"म्होरलं मला म्हाईत हाये," तो म्हणाला.

निघताना मी त्याला सांगितलं, की मी हे लिहिणार आहे. तो म्हणाला, "लिव. पर माझं नाव घालू नगो. घालायचं तवा मी घालीन." म्हणून ते इथं नाही.

मैत्री म्हणजे मित्र कोण आहे ते माहीत असणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, ते सांगायची वेळ त्याच्यावर सोडणं, आणि त्यानं सांगितलं किंवा दुसऱ्या कुणी सांगून टाकलं, तरी बाकावरून न उठणं. यातलं पहिलं मला तेराव्या वर्षी जमलं नाही, ते वयावर ढकलता येईल. दुसरं जमलं नाही, ते वयावर ढकलता येत नाही. त्याला शहाणपण लागत नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं.

येत्या रंगपंचमीला तो मढीला येणार आहे. मला म्हणाला, ये. तिथं पाहुणा मीच असेन.