द्या इकडे

गेल्या वर्षी एका परिसंवादात एका वक्त्याने ठासून सांगितले की, ज्येष्ठांचा डिजिटल प्रश्न हा संक्रमणकाळापुरता आहे; वीस वर्षांत ही पिढी गेली की तो आपोआप मिटेल. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पांढऱ्या केसांची माणसेही होती, याचे मला अजून वाईट वाटते. त्या दिवशी मी गप्प बसलो. उत्तर आज देतो आहे.

माणसे मेली की त्यांची अडचण संपते, एवढाच त्या विधानाचा अर्थ होतो. आणि ते खरेही नाही. यूपीआय २०१६ साली आले. त्या वर्षी निवृत्त झालेल्या बँक अधिकाऱ्याच्या नोकरीची बरीच वर्षे संगणकापुढे गेली होती, तरी त्यालाही ते नव्याने शिकावे लागले. आज चाळिशीत असलेला, सफाईने बोटे चालवणारा माणूस सत्तरीला पोचेल तेव्हा त्याच्या हाताला कंप असेल, डोळ्यांत मोतीबिंदू असेल आणि समोरचा पडदा त्याने कधी न पाहिलेला असेल. जन्मतः अंध असलेली मुलगी तर कोणत्याच ‘जाणाऱ्या पिढी’त बसत नाही. अपंगत्वाला पिढी नसते.

पण हा विचार एकट्या वक्त्याचा नाही, आपल्या योजनांतही तो मुरला आहे. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली सुरू झाले. सहा कोटी ग्रामीण कुटुंबे, घरटी एक माणूस, वीस तासांचे प्रशिक्षण. वयोमर्यादा होती १४ ते ६०. साठी ओलांडलेल्या आजीला घरातला शिकलेला माणूस सांभाळून घेईल, असेच त्या आखणीत गृहीत धरलेले दिसते.

घरातला माणूस काय करतो? तो म्हणतो, “द्या इकडे.” आजी फोन पुढे करते, नातवाची बोटे सरसर फिरतात, वीजबिल भरले जाते. काम झाले, आजी मात्र होती तिथेच राहिली. तिचा पिन आता दोघांना ठाऊक आहे, आणि पुढच्या महिन्यात तिला पुन्हा नातवाची वेळ सांभाळायची आहे. अंध माणसाच्या बाबतीत तर हे क्रूर होते. टॉकबॅक ही पडदा वाचून दाखवणारी सोय चालू असलेल्या फोनवर एका स्पर्शाने अ‍ॅपचे नाव ऐकू येते आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडते. डोळस मदतनीसाला ही रीत माहीत नसते. तो वैतागून टॉकबॅक बंद करतो, काम उरकतो आणि फोन परत देतो. मालकाच्या हाती येतो एक मुका फोन.

म्हणून वर्ग हवेत, असे मी कित्येक वर्षे म्हणत आलो. आठ दिवसांचे शिबिर, फळा, प्रोजेक्टर, शेवटी प्रमाणपत्र. माझे ते मत डळमळीत केले साताऱ्याने. १९५९ साली त्या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना साधारण चार महिन्यांत अक्षरओळख करून द्यायची, आणि हे काम शिक्षकांनी व शिकलेल्या गावकऱ्यांनी मिळून करायचे. गाव साक्षर झाले की गावाचा गौरव समारंभ होई. साक्षरता एकट्यादुकट्याची लाज न राहता गावाची प्रतिष्ठा झाली, आणि ही मला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. मोहीम पुढे राज्यभर पसरली. पण समारंभाचा मांडव उतरल्यावर पाठपुरावा झाला नाही, हाती वाचायला काही उरले नाही, आणि पुष्कळ माणसे पुन्हा निरक्षर झाली. कष्टाने गिरवलेली अक्षरे पुसली गेली.

अक्षरे तरी बदलत नाहीत. ‘क’ चार वर्षांनीही ‘क’च असतो. अ‍ॅपमधले बटण मात्र एका रात्रीत जागा बदलते. मग वीस तास किती दिवस पुरणार? आता मला वाटते, वर्गापेक्षा अशी एक जागा हवी, जिथे तोच प्रश्न सातव्यांदा विचारायला जाता येईल. ती शोधायला लांब जायला नको. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रात ११ हजारांहून जास्त आहेत, आणि सकाळी वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती जमणारी माणसे बहुतेक याच वयाची आहेत. त्या टेबलाशी आठवड्यातून दोन सकाळी कुणीतरी बसावे. शक्य तर त्यांच्यातलेच कुणी, जे नुकतेच शिकले आहे आणि कुठे अडते ते अजून विसरलेले नाही. टॉकबॅक शिकवायला अंध माणूसच बसावा.

इथपर्यंत आलो तरी एक गाठ सुटत नाही. प्रज्ञा प्रसून या अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळखपडताळणीत, जिवंतपणाचा पुरावा म्हणून त्यांना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले, आणि त्यांना ती करता येत नाही. त्यांना कोणते कौशल्य शिकवणार? प्रज्ञा आणि अंध वकील अमर जैन यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने वीस निर्देश दिले. अडाणी तिथे यंत्र होते, माणूस नव्हता. म्हणून ग्रंथालयातल्या त्या टेबलावर फोनशेजारी एक वहीही हवी. कोणत्या अ‍ॅपमध्ये वाचकप्रणाली नुसतेच ‘बटण, बटण’ म्हणते, कुठल्या चित्रातली अक्षरे ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कुठे कर्णबधिर माणसाला फोनवर बोलायला लावतात, हे त्या वहीत तारखेसह उतरवायचे आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी संबंधितांना पाठवायचे. बँकेत, कचेरीत खिडकीमागचा माणूस काढू नका, हेही त्याच पत्रात लिहायचे.

आमच्याकडे ज्येष्ठांना फोन शिकवताना आम्ही एकच नियम केला आहे. शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायचे. हे फार अवघड जाते. माझा हात अजूनही शिवशिवतो.

गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या मावशी हयातीचा दाखला फोनवरून द्यायला बसल्या. निवृत्तिवेतन त्याच्यावर अडलेले. चेहरा पकडायला तीनदा चुकले. मी म्हणालो, “मावशी, खिडकीकडे तोंड करा, उजेड मागून येतोय.” खुर्ची त्यांनीच फिरवली. पुढे ओटीपी आला. तो टाकताना त्यांनी फोन माझ्यापासून जरा तिरका धरला.